कोरडी फरशी

गुरुवारी सकाळी अण्णा जीप घेऊन कनकपुऱ्याकडे निघाला. साडेदहाला जीप रस्त्यात थांबली. त्याने मला फोन केला. मी तिथे सव्वाबाराला पोचलो. अण्णा मागच्या चाकाला टेकून बसला होता आणि वारला होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय. घरी खुर्चीत बसल्या बसल्याही हे झालं असतं, असंही म्हणाले. ते वाक्य मी नीट ऐकून घेतलं आणि अजूनही कधी कधी त्याचा आधार घेतो. पण मी लिहितो आहे ते त्याच्या हृदयाबद्दल नाही. जीपच्या मागच्या एक्सलमधून तेल गळत होतं. ते तेल रोज सकाळी कोणीतरी पुसत होतं. लिहायचं आहे ते त्याबद्दल.

अण्णा माझा मोठा भाऊ. पाच वर्षांनी मोठा. आमचं घर शहराच्या जुन्या भागात, चामराजपेटेत आहे, आजोबांच्याही आधीपासून. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि दारात उभं राहून बोलताना दोन्ही. वर अण्णा आणि वहिनी राहत, खाली मी. त्यांची मुलगी लग्नानंतर शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला गेली. मी लग्न केलं नाही. एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. जेवण वहिनींकडे, पुस्तकं माझ्या खोलीत, अशी वाटणी होती आणि तिच्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

अण्णाचं मार्केटजवळ दुकान होतं, शेतीच्या पंपांच्या सुट्या भागांचं. पंप बिघडला की शेतकरी फोन करीत आणि अण्णा स्वतः जाई. मागडीकडे, कनकपुऱ्याकडे, जिथे डांबर संपतं त्याच्याही पुढे. त्यासाठी त्याने ती जीप घेतली होती. चारही चाकं ओढणारी, कापडी टपाची, त्याच्या मुलीहून वयाने मोठी. दुकान बंद केल्यावरही जीप राहिली. जुनी गिऱ्हाईकं बोलवत आणि तो जात असे. वहिनी म्हणत, "ह्यांना पंप दुरुस्त करायचा नसतो. चिखलात गाडी घालायची असते."

पंपवाल्यांची एक रीत असते. पंप जोडून झाला की त्याच्याखाली कागद पसरून ठेवायचा आणि सकाळी कागद बघायचा. कोरडा असेल तर काम झालं. ओला असेल तर पुन्हा खोलायचा. पंपाला कान लावू नका, मालकाला विचारू नका, खाली बघा, असं अण्णा सांगे. "जमीन खोटं बोलत नाही" हे त्याचं वाक्य होतं. दुकानात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला हे ऐकावं लागे.

जीपचा मागचा एक्सल कित्येक वर्षं गळत होता. मागच्या दोन चाकांना जोडणारी जी लोखंडी नळी असते तिच्या मध्यभागी एक मोठा गोळा असतो, त्यात दातेरी चक्रं तेलात बुडून फिरतात. इंजिनाकडून येणारा दांडा ज्या तोंडातून त्या गोळ्यात शिरतो तिथून तेल झिरपे. दारासमोरच्या दगडी फरशीवर त्याचा काळा डाग पडलेला होता. अण्णा दर पंधरा दिवसांनी गोळ्याचा प्लग, म्हणजे तेल भरायच्या भोकाचं बूच, उघडून कमी झालेलं तेल भरी, आणि वहिनी डागाच्या डावीकडे सरकून रांगोळी काढीत. वर्षानुवर्षं आमच्या घरची रांगोळी दाराच्या मधोमध नव्हती.

एकदा त्यावरून त्यांचं वाजलं. म्हणजे वाजलं असं नाही, वहिनी पाहुण्यांसमोर बोलल्या. "लोकांचे पंप गळायचे थांबवतात, स्वतःच्या दारात मात्र गंगा." अण्णा हसला, पण लागलं त्याला. पुढच्या रविवारी तो नवीन ऑइल सील घेऊन आला. ऑइल सील म्हणजे रबराची कडी, फिरणाऱ्या दांड्याला मिठी मारून बसते आणि तेल आत अडवते. पंपातही असतेच. "त्यात काय एवढं," अण्णा म्हणाला, आणि मला हाक मारली, "अहो ग्रंथपाल, बॅटरी घेऊन या. आज जरा वाचनाला सुट्टी."

मी सबंध रविवार फरशीवर गोणपाट टाकून त्याच्याशेजारी पडून होतो. तो त्रेसष्ट वर्षांचा होता. नट निघत नव्हता. पान्याला लांब पाईप लावून आम्ही दोघं ओढत होतो. मधूनच तो म्हणे, "उजेड कुठे धरलायस? मी इथे आहे, तिथे कोणी नाही." तेलाला गंधकाचा वास होता. तो माझ्या नाकात बसला, कपड्यांत बसला. माझ्या टेबलावर एक पुस्तक उघडं पालथं ठेवलं होतं आणि मला दिवसभर त्याच्या पानाचा आकडा आठवत होता. हे लिहायला लाज वाटते, पण पुढे त्याचा संबंध आहे.

संध्याकाळी सील बसलं. अण्णाने उरलेल्या उजेडात सोडा आणि रॉकेल टाकून फरशी घासली. इतक्या वर्षांचा डाग पुसट झाला. तो उठला तेव्हा दोन्ही हात कमरेवर होते. "ह्यापुढे मी गाडीखाली जाणार नाही," तो म्हणाला. "कंबर गेली. पण काम झालं."

जेवताना वहिनी म्हणाल्या, "सकाळी बघू."

"बघा ना. पैज लावता?"

"काय लावू? तुमच्याकडे हरायला आहे काय?"

"हरलो तर जीप विकीन."

"भावजी, तुम्ही साक्षीदार," वहिनी मला म्हणाल्या.

मी पहाटे पाचला उठतो. आजही. दाराशी दुधाच्या पिशव्या असतात, त्या उचलायला मी बाहेर गेलो आणि फरशीवर थेंब पाहिला. रुपयाएवढा. ताजा, सोनेरी.

मला आठवतं त्याप्रमाणे मी फार विचार केला नाही. वहिनींचा रांगोळीचा डबा दाराच्या कोनाड्यात असे. त्यातली चिमूटभर पूड मी थेंबावर टाकली. दगडाचीच पूड ती, तेल लगेच शोषून घेते. जुन्या वर्तमानपत्राने पुसली, झाडली, मागच्या केरात टाकली. दोन मिनिटं लागली.

सहाच्या सुमारास अण्णा कॉफीचा पेला घेऊन खाली आला. उकिडवा बसला. नुसतं बघून त्याचं समाधान झालं नाही, त्याने फरशीवर तळहात फिरवला आणि तो तळहात वर वहिनींना दाखवला. "बघा! बघा! कोरडी!" समोरच्या घरातल्या आज्जी गॅलरीतून विचारत होत्या, काय झालं म्हणून. त्या दिवशी वहिनींनी कितीतरी वर्षांनी दाराच्या बरोबर मध्ये रांगोळी काढली, अगदी जीपच्या बंपरखालपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब होता. आता तो न पुसणं म्हणजे कालचा पुसलेला कबूल करणं होतं. मी पुसला. तिसऱ्या दिवशी पुसला. मग ते दुधाच्या पिशव्यांइतकंच सवयीचं झालं. अण्णा रोज कॉफी घेऊन येई, रोज खाली बघे, आणि प्लग उघडणं त्याने सोडून दिलं. फरशी कोरडी असताना प्लग कशाला उघडायचा? ही त्याचीच रीत. कोणालाही विचारू नये, खाली बघावं.

असे पाच महिने गेले. शेवटी शेवटी थेंब लहान झाला होता. मला वाटलं, सील आपोआप बसत चाललंय. खरं तर आत गळायलाच फारसं उरलं नव्हतं.

त्या दिवसांत जीप चालताना मागून एक सूर येऊ लागला होता. बारीक, नाकातून गुणगुणल्यासारखा. एकदा मी त्याच्याबरोबर बसवनगुडीपर्यंत गेलो तेव्हा मीही ऐकला. अण्णा म्हणाला, "टायर आहेत. झिजले की गातात." मग जरा थांबून म्हणाला, "एक्सल नव्हे. एक्सल कोरडा ठणठणीत आहे."

मी खिडकीबाहेर बघत होतो.

तो गेल्यावर जीप दुसऱ्या गाडीला टोचण लावून ओढत घरी आणली आणि दारात तशीच उभी राहिली. तेराव्यापर्यंत माणसं येत राहिली. प्रत्येकजण विचारे, कसं झालं. वहिनी प्रत्येकाला सांगत. त्या रडत नव्हत्या, चिडल्या होत्या, आणि राग सगळा अण्णावर होता. "गाडीत तेल नव्हतं. बघा. लोकांच्या पंपांची काळजी, स्वतःच्या गाडीत तेल आहे का बघायला वेळ नाही. गळतंय हे माहीत असून. नुसता निष्काळजीपणा. उन्हात गाडी ढकलत बसले असतील." तेराव्याला आपल्या भावासमोर तर त्या म्हणाल्या, "माझा विचार नाही केला कधी. मी म्हणजे काय, रांगोळी काढणारी."

मी पंगतीत भात वाढत होतो. मी पुढच्या पानाकडे वळलो.

'गळतंय हे माहीत असून' हे शब्द मी ऐकले होते. ते त्यांना कुठून कळलं असेल याचा विचार मी केला नाही. त्या वेळी मला एवढंच कळत होतं, की गेलेल्या माणसावर एक आरोप होतो आहे, त्याचं उत्तर घरात फक्त मला ठाऊक आहे, आणि मी भात वाढतो आहे.

पुढे चार-पाच महिने तसेच. मुलगी फोनवर म्हणाली, "काका, स्क्रॅपला देऊ या. आई रोज ती बघते आणि चिडते." वहिनींचीही हरकत नव्हती. मीच म्हणालो, "दुरुस्त करून घेतो." दोघींना आश्चर्य वाटलं. मला गाडी चालवता येत नाही. का म्हणालो ते मलाही नीट सांगता आलं नसतं. कदाचित आत दुसरं काहीतरी कारण सापडेल अशी आशा होती. तुटलेला दात, जन्मजात खोट, असं काही, ज्याच्याशी फरशीचा संबंध नाही.

म्हैसूर रोडला लागून एका बोळात मिस्त्रींची शेड आहे. तेही आमच्यासारखेच, इथले जुने, मराठीत कन्नड मिसळून बोलणारे. अण्णाला त्यांनी तीस वर्षं ओळखलं होतं आणि तेवढीच वर्षं त्याची चेष्टा केली होती. त्यांनी गोळ्याचं झाकण काढलं. खाली ठेवलेल्या पाटीत काहीच पडलं नाही. झाकणाच्या तळाशी चमचाभर काळा लगदा होता आणि त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता.

"अय्यो," मिस्त्री म्हणाले. "पूर्ण कोरडा, सार. बेअरिंग जळून निळं पडलंय, बघा."

बेअरिंग खरंच निळं पडलं होतं. चक्रांचे दात खरवडलेले होते. मिस्त्रींनी दांड्याचं तोंड, म्हणजे गोळ्यात शिरणारं टोक, हातात घेऊन त्यावर नख फिरवलं आणि मला फिरवायला लावलं. सील जिथे टेकतं तिथे लोखंडात बारीक चर पडला होता.

"सील अण्णांनी नीट बसवलं होतं," ते म्हणाले. "पंपवाला असला तरी हात चांगला. पण बेअरिंग जुनंच ढिलं. दांडा नाचत होता. नाचणाऱ्या दांड्यावर कुठलं सील टिकतं? वर हा चर. दुसऱ्याच दिवशी गळलं असणार."

मी त्या चरावर पुन्हा नख फिरवलं.

"गळलं असतं तर ते सरळ माझ्याकडे आले असते," मिस्त्री स्वतःशीच बोलत होते. "आले असते की नै? मी दोन शिव्या घातल्या असत्या, त्यांनी चार. बेअरिंग बदललं असतं, काम खलास. नाही आले. म्हणजे गळलं नाही. मग तेल गेलं कुठं? तेल काय उडून जातं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घरी जमिनीवर दिसलं नाही काही?"

"बेअरिंग मिळेल ना?" मी विचारलं.

घरी वहिनींनी विचारलं, "काय निघालं?"

"बेअरिंग जळलंय."

"तेल नव्हतंच ना? मी म्हणत नव्हते?"

"नव्हतं," मी म्हणालो, आणि खाली आलो.

चक्रांची जोडी शोधण्यात दिवस गेले. ती दोन चक्रं जन्माचीच जोडी लागतात; एक इथलं, एक तिथलं चालत नाही. मी रोज सकाळी बसने शेडवर जात असे आणि एका स्टुलावर बसून राहत असे. बरोबर पुस्तक नेत असे, ते उघडत नसे. मिस्त्री मला लहानसहान कामं देऊ लागले. नट रॉकेलमध्ये धुणं, पत्र्याच्या पातळ चकत्या जाडीप्रमाणे लावून ठेवणं. "ग्रंथपाल ना तुम्ही? मग लावा ओळीनं." अण्णा मला ग्रंथपाल म्हणे, हे त्यांना ठाऊक होतं.

जोडी मिळाल्यावर त्यांनी चक्राच्या दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावला. मारुतीला लावतात तोच. मग चक्र हाताने फिरवलं. दुसऱ्या चक्राचे दात जिथे टेकले तिथला शेंदूर निघून लोखंड उघडं पडलं. खूण दाताच्या टोकाशी होती. "चालत नाही. मध्ये पाहिजे." सगळं पुन्हा खोललं, एक चकती वाढवली, पुन्हा जोडलं, पुन्हा शेंदूर. असं तीनदा. चौथ्या वेळी खूण दाताच्या बरोबर मधोमध उमटली. मिस्त्रींनी मला जवळ बोलावून ती दाखवली. मी बघत होतो, आणि मला दारासमोर मधोमध काढलेली रांगोळी दिसत होती.

दांड्यावर नवीन तोंड आलं, चर नसलेलं. नवीन बेअरिंगचा नट आवळताना त्यांनी दांड्याला सुतळी गुंडाळली, तिला वजनाचा स्प्रिंगचा काटा लावला आणि हळू ओढायला सुरुवात केली. "चष्मा आहे ना? आकडा वाचा." किती जोर लावला म्हणजे दांडा फिरतो ते बघायचं असतं. फार सहज फिरला तर ढिला, फार जोर लागला तर जळणार. मी आकडे वाचत होतो, ते आवळत होते. शेवटी त्यांनी सील बसवलं, आतल्या ओठाला बोटाने तेल लावून, लाकडाच्या ठोकळ्यावर हलके हलके ठोकत. अण्णाने असंच बसवलं होतं. मी बॅटरी धरली होती.

"सरी, झालं," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "आता घरी नेल्यावर आठवडाभर रोज सकाळी खाली बघा. एक थेंब जरी दिसला तरी मला फोन. पुसत बसू नका."

त्यांनी ते सहज म्हटलं होतं. मी म्हणालो, "मी पुसत होतो."

"काय?"

"गळत होतं. दुसऱ्या दिवसापासून. मी सकाळी लवकर उठून पुसत होतो."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "कशाला?"

"त्याला वाईट वाटू नये म्हणून. दिवसभर राबला होता. वहिनींशी पैज लावली होती."

 मिस्त्रींनी पाटीतले पाने उचलून एकेक पुसायला घेतले.

"अक्कांना ठाऊक आहे?"

"नाही."

"त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, नवऱ्यानं हयगय केली. मी पण हो म्हटलं." त्यांनी पाना जागेवर लावला. "मला सांगून उपयोग काय, सार? मी मिस्त्री."

घरी आलो तेव्हा दुपार होती. वहिनी वरच्या खोलीत भिजवलेल्या अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, बिया सोलत बसल्या होत्या. बी बोटांत दाबली की सालातून सुटून पातेल्यात पडते. मी समोर बसलो आणि सवयीने चार बिया उचलल्या.

"झाली गाडी?"

"उद्या येईल. वहिनी, एक सांगायचं आहे. जीप गळत होती."

"ते मला माहीत आहे."

मला वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. "सील बदलल्यानंतरही," मी म्हणालो. "आणि ते मी—"

"पुसत होतात," वहिनी म्हणाल्या. "माहीत आहे. महिन्यात दोनदा रांगोळीचा डबा भरत होते मी. केरात तेलकट रांगोळीचे गोळे. मी काय आंधळी आहे? मला वाटलं, ह्यांनीच लावलंय तुम्हाला कामाला. पैज हरू नये म्हणून. दोघं भाऊ मिळून मला बनवताय. म्हटलं, बनवू देत. एक तरी पैज जिंकू दे माणसाला." त्यांनी दोन-तीन बिया सोलल्या. "म्हणून तर राग येतो. गळतंय हे माहीत, पुसायला माणूस ठेवलाय, आणि तेल घालायचं सुचत नाही."

"त्याला माहीत नव्हतं."

त्यांचा हात थांबला.

"त्याने मला लावलं नव्हतं," मी म्हणालो. "मी आपणहून पुसत होतो. त्याला वाटत होतं फरशी खरंच कोरडी आहे."

"तुम्ही... का?"

मी मिस्त्रींना सांगितलं होतं तेच सांगणार होतो. वाक्य तयार होतं. पण त्यात सगळं नव्हतं. "त्याला वाईट वाटेल असं वाटलं, हे खरं आहे," मी म्हणालो. "पण त्याने पुन्हा खोललं असतं. पुन्हा एक रविवार मला बॅटरी धरून पडून राहावं लागलं असतं. मला ते नको होतं."

वहिनी पातेल्यातल्या बियांकडे बघत होत्या. मग मी उरलेलं सांगितलं, जे कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या गुरुवारच्या फोनचं. घरी सगळ्यांना मी एवढंच सांगितलं होतं, की गाडी जाम झाली, ये, असं तो म्हणाला. तो आणखीही बोलला होता. म्हणाला होता, "अरे, मागचा एक्सल जळल्याचा वास येतोय. तेल संपल्यासारखा. पण एक थेंब गळत नव्हता. तू पहाटे उठतोस, तुला कधी काही दिसलं होतं का रे खाली?" आणि मी म्हणालो होतो, "नाही."

"मग?"

"मग म्हणाला, 'कमाल आहे. म्हणजे माझंच काहीतरी चुकलं.' आणि म्हणाला, सावकाश ये, घाई नाही."

वहिनींनी पातेलं बाजूला सारलं. "माझंच काहीतरी चुकलं, असं म्हणाले?"

"होय."

"आणि नंतर मीही तेच म्हणत राहिले. इतके महिने. तेराव्याला माझ्या भावासमोर काय काय म्हटलं मी. तुम्ही कुठं होतात?"

"भात वाढत होतो."

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"आणि भात वाढलात."

मी मान हलवली. माझ्या हातात सोललेली बी होती, ती कुठे ठेवावी कळेना.

"ठेवा ती," वहिनी म्हणाल्या. "आणि जा खाली. अवरे मी सोलीन."

मी खाली माझ्या खोलीत येऊन बसलो. थोड्या वेळाने वरून त्यांचा आवाज येऊ लागला. त्या फोनवर होत्या. आधी मुलीला. मग भावाला. मग बहिणीला, मग मिस्त्रींच्या घरी, आणि मग ज्यांना ज्यांना त्यांनी सांगितलं होतं त्या सगळ्यांना, एकामागून एक. प्रत्येकाला तेच. "नाही हो, ह्यांची चूक नव्हती. ह्यांना माहीतच नव्हतं. रोज बघायचे ते, रोज सकाळी बघायचे. मी उगीच बोलले." पलीकडून कोणीतरी विचारलं असावं, मग चूक कोणाची. वहिनी म्हणाल्या, "ते जाऊ दे. ह्यांची नव्हती, एवढं लक्षात ठेव." माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. त्यांनी ते घ्यावं असं मला वाटत होतं. शेवटचा फोन झाला तेव्हा दिवे लागले होते.

पुढे दहा-बारा दिवस आमच्यात जेवणापुरतंही बोलणं नव्हतं. ताट ठेवलेलं असे. मी जेवून ताट घासून ठेवत असे. रांगोळीचा डबा दाराच्या कोनाड्यातून वर गेला. दुसऱ्या दिवशी जीप आली होती, पण पहिला आठवडा मी सकाळी दुधाच्या पिशव्या उचलल्या आणि खाली न बघता आत आलो. बघायचा हक्क मला राहिला नव्हता असं वाटे. सहाच्या सुमारास वहिनी खाली येत, पदर कमरेला खोचून उकिडव्या बसत, आणि फरशीवर तळहात फिरवीत.

एका रविवारी त्या माझ्या दाराशी आल्या. हातात बॅटरी होती. "मिस्त्री म्हणाले, नुसती फरशी बघून भागत नाही. प्लग उघडून बघायला पाहिजे. मला गाडीखाली जाता येत नाही."

मी पुस्तक मिटलं.

जीप विकली नाही. मिस्त्री महिन्यातून एकदा येतात आणि ती कनकपुरा रस्त्याने फिरवून आणतात. वहिनी कधी त्यांच्याबरोबर जातात, मला बोलवत नाहीत. दर रविवारी मी फरशीवर गोणपाट टाकून जीपखाली शिरतो, गोळ्याचा प्लग उघडतो आणि करंगळी आत घालून बघतो. वहिनी बाहेर उभ्या असतात. "आहे का?" विचारतात. मी म्हणतो, "आहे." त्यावर त्या म्हणतात, "बोट दाखवा."

मी बाहेर येऊन बोट दाखवतो. त्या ते उजेडात धरून बघतात आणि आत जातात. फरशी कोरडी आहे. तेल भोकाच्या काठापर्यंत आहे.